लंडनमध्ये भाड्याचं घर शोधताना : एरिया नको, गल्ली बघा

लंडनमध्ये नव्यानं येणाऱ्या मराठी कुटुंबाची घर शोधण्याची यादी साधारण ठरलेली असते. स्टेशन चालत किती मिनिटांवर, शाळेला ऑफस्टेडचा शेरा काय, कौन्सिल टॅक्स कुठल्या बँडचा, ज्वारीचं पीठ नि कढीपत्ता जवळ मिळतो का, आणि हे सगळं जुळून भाडं किती. हवेचा विषय या यादीत सहसा नसतोच. निघालाच तर तो असा निघतो : "हॅरो बरं की हाउन्स्लो? कुठल्या एरियाची हवा चांगली?"

प्रश्न रास्त आहे, पण तो ज्या मापानं विचारला आहे त्या मापानं त्याला उत्तर देता येत नाही. एकाच बरोमध्ये, किंबहुना एकाच पोस्टकोडच्या आसपास, मोठ्या रस्त्याला लागून असलेलं घर आणि त्याच्या मागच्या गल्लीतलं घर यांच्या हवेत जो फरक असतो, तो पुष्कळदा दोन बरोंमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणजे हॅरो की हाउन्स्लो हे शाळा आणि ऑफिस बघून खुशाल ठरवा. हवेचा विचार त्यानंतर करायचा आहे : कुठला रस्ता, रस्त्याची कुठली बाजू, आणि झोपायची खोली पुढे की मागे.

हे इतकं बारकाईनं कशाला, असं वाटत असेल तर दक्षिण लंडनमधली एक घटना आठवू. लुइशममध्ये राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही ९ वर्षांची मुलगी १५ फेब्रुवारी २०१३ रोजी दम्याच्या झटक्यानं गेली. त्याआधीच्या तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. तिचं घर साउथ सर्क्युलर या सतत वाहत्या रस्त्यापासून अवघ्या पंचवीस-तीस मीटरवर होतं. पहिल्या चौकशीत हवेचा विषय आलाच नाही. तिची आई रोझमंड यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, मोजमापाच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, नव्यानं चौकशी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरनं मृत्यूच्या कारणांमध्ये वायुप्रदूषणाचा स्पष्ट उल्लेख केला. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. त्या निकालातली एक बाब मला सर्वांत जास्त टोचते : या हवेचा मुलीच्या दम्याशी संबंध असू शकतो हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिनं जी पावलं उचलली असती त्यांनी कदाचित मृत्यू टळला असता, असं कॉरोनरनं नोंदवलं. घर बदलणं हे त्या पावलांपैकीच एक.

आता थोडं रसायन. लंडनच्या हवेत दोन गोष्टींकडे मुख्यतः लक्ष ठेवावं लागतं, आणि त्या दोघींचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिली म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. इंजिनात इंधन जळतं तेव्हा प्रचंड उष्णतेमुळे हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्यातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि बाहेर पडल्यावर हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. डिझेल गाड्या यात आघाडीवर. (२००१ पासून ब्रिटननं वाहनकर कार्बन डायऑक्साइडशी जोडला, त्यामुळे डिझेल गाडी घेणं फायद्याचं ठरू लागलं. हवामानासाठी चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टीनं शहराच्या फुप्फुसांवर काय परिणाम केला, याचं हे उदाहरण कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल.) हा वायू श्वासनलिकेला सूज आणतो, दमा बळावतो. पण घर शोधणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचा एक गुण महत्त्वाचा : तो रस्त्यापासून फार लांब जात नाही. पहिल्या वीस-पन्नास मीटरमध्येच त्याचं प्रमाण झपाट्यानं उतरतं आणि दीड-दोनशे मीटरवर ते शहराच्या सर्वसाधारण पातळीच्या जवळ येतं. मध्ये घरांची एक सलग रांग असेल तर आणखी लवकर.

दुसरी गोष्ट म्हणजे पीएम २.५, अर्थात अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. हे फुप्फुसांत खोलवर जातात आणि त्यांचा हृदयविकाराशीही संबंध आहे. पण हे कण प्रवासी आहेत. लंडनच्या हवेतल्या या कणांपैकी निम्म्याहून अधिक लंडनच्या बाहेरून येतात. मार्च-एप्रिलमध्ये शेतात खतं पडतात, त्यातून अमोनिया उठतो, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या संयुगांशी त्याची गाठ पडते आणि अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात. वारा पूर्वेकडून आला की युरोपातला हा माल थेट आपल्या दारात. त्या दिवशी तुम्ही हॅम्पस्टेडच्या टेकडीवर असा नाहीतर एलिंग ब्रॉडवेवर, फरक थोडाच. गल्ली बदलून पीएम २.५ पासून सुटका होते ती मर्यादितच. नायट्रोजन डायऑक्साइड आणि इंजिनातून निघणारी ताजी काजळी यांपासून मात्र चांगलीच होते.

म्हणून "मोठ्या रस्त्यापासून एक गल्ली आत" हा नियम मी सर्वांत वर ठेवतो. रस्ता ओलांडला की दिसणारं घर आणि दोन वळणं आत असलेलं घर, यांत भाडं बहुधा फारसं वेगळं नसतं. उलट हाय रोडवरच्या दुकानांच्या वरचे फ्लॅट थोडे स्वस्त असतात आणि म्हणूनच नव्यानं आलेल्यांच्या वाट्याला येतात. नॉर्थ सर्क्युलरला लागून नीज्डन-वेम्बलीकडे, ए फोरला लागून हाउन्स्लोकडे, अशी भारतीय कुटुंबं राहत असलेली घरं तुम्ही पाहिली असतीलच.

रस्त्याची कुठली बाजू, हे ऐकायला अतिरेकी वाटेल. पण त्यामागचं विज्ञान मजेशीर आहे. दोन्ही बाजूंना उंच, सलग इमारती असलेला रस्ता म्हणजे एक घळ. वारा छपरांवरून आडवा वाहतो तेव्हा समोरच्या इमारतीवर आदळून थोडा खाली उतरतो, रस्त्यावरून उलट दिशेनं मागे येतो आणि पहिल्या इमारतीच्या भिंतीलगत वर चढतो. रस्त्याच्या लांबीत एक भलंमोठं लाटणं आडवं ठेवून जागच्या जागी फिरवावं, तसा हा भोवरा. परिणाम असा की रस्त्यावरचा धूर गोळा होतो तो वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या भिंतीपाशी, म्हणजे वारा ज्या बाजूनं येतो आहे त्याच बाजूच्या फुटपाथवर. आपला अंदाज याच्या बरोबर उलटा असतो. मॅरिलबोन रोडवर मादाम तुसाँच्या समोर, रस्त्याच्या दक्षिण कडेला, हवा मोजणारं प्रसिद्ध केंद्र आहे. तिथे दक्षिणेकडून वारा असताना आकडे चढतात ते यामुळेच. लंडनमध्ये नैर्ऋत्येचा वारा जास्त, तेव्हा अशा घळीसारख्या रस्त्यावर घर घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची बाजू थोडी बरी. दुमजली घरांच्या, मोकळ्या, बागा असलेल्या रस्त्यावर हे लाटणं नीट फिरतच नाही, तिथे हा विचार सोडून द्या.

वरचा मजला? उपयोग होतो, पण एजंट सांगतो तितका नाही. त्यापेक्षा झोपायच्या खोलीची खिडकी कुठे उघडते हे जास्त मोलाचं. इमारतीची मागची बाजू पुढच्यापेक्षा बरीच स्वच्छ असते, आणि दिवसाचे आठ तास आपण तिथेच श्वास घेत पडलेले असतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मोठी खोली रस्त्याकडे आणि छोटी मागे असेल तर मुलाला छोटी द्या, आणि ती लहान आहे म्हणून कुरकुर केली तर करू द्या.

हे झालं तर्काचं. प्रत्यक्ष मोजमाप हवं असेल तर ते लंडनमध्ये फुकट मिळतं, पण फार कमी भाडेकरूंना ते ठाऊक असतं. पुढच्या वेळी बाहेर पडाल तेव्हा दिव्याच्या खांबांकडे बघा. डोक्याच्या थोडं वर, प्लास्टिकच्या पकडीत अडकवलेली, बोटाएवढी पारदर्शक नळी दिसेल. खालचं तोंड उघडं, वर रंगीत टोपण. ही डिफ्यूजन ट्यूब. टोपणाच्या आत पोलादी तारेची बारीक जाळी असते आणि तिला ट्रायइथेनॉलअमाइन नावाचं रसायन फासलेलं असतं. ना पंप, ना वीज. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड आपोआप नळीतून वर सरकतो आणि जाळीवर अडकतो. साधारण चार आठवड्यांनी कौन्सिलचा माणूस नळी काढून प्रयोगशाळेत पाठवतो, आणि किती वायू अडकला त्यावरून त्या महिन्याची सरासरी निघते. १९७० च्या दशकात कामगारांच्या कपड्यांना लावण्यासाठी ही युक्ती निघाली. आज ती खांबांना लटकते आहे.

या नळ्यांचे वर्षाचे आकडे प्रत्येक बरो कौन्सिल आपल्या वार्षिक हवा-अहवालात छापते. कौन्सिलचं नाव आणि "एअर क्वालिटी ॲन्युअल स्टेटस रिपोर्ट" एवढं शोधलं की पीडीएफ मिळतं. पहिली पानं धोरणांची असतात, ती बिनदिक्कत ओलांडा. मागच्या कोष्टकात रस्त्याचं नाव, नळी रस्त्याच्या कडेपासून किती मीटरवर, आणि गेल्या काही वर्षांच्या सरासऱ्या दिलेल्या असतात. वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कच्चा आकडा नको, दुरुस्त केलेला घ्या. या नळ्या स्वस्त आहेत, वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतात, म्हणून त्यांची यांत्रिक केंद्रांशी तुलना करून आकडे सुधारलेले असतात. दोन, जागेचा प्रकार बघा : "कर्बसाइड" म्हणजे अगदी कडेला, "रोडसाइड" म्हणजे थोडं आत, "अर्बन बॅकग्राउंड" म्हणजे रहदारीपासून दूर. तुमच्या घराची जागा यांपैकी कशाशी जुळते ते ठरवा. तीन, २०२० चं वर्ष सोडून द्या, लॉकडाउनमुळे ते आकडे फसवे आहेत.

आणि आकड्याची तुलना कशाशी करायची? ब्रिटनची कायदेशीर वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्यही पूर्वी तेवढंच होतं, २०२१ मध्ये ते १० वर आणलं गेलं. पीएम २.५ साठी ते १० वरून ५ वर आलं. लंडनमध्ये १० चा नायट्रोजन डायऑक्साइड शोधत बसाल तर घर मिळणार नाही. त्यामुळे "पास की नापास" असा विचार करू नका. तुमच्या हातात असलेल्या दोन-तीन पत्त्यांमध्ये कमी कुठे, एवढंच बघा.

लंडनभरच्या नकाशांचाही उपयोग होतो. इम्पीरियल कॉलेज चालवत असलेल्या "लंडन एअर"च्या संकेतस्थळावर रस्तानिहाय नकाशे आहेत आणि मोठे रस्ते त्यांत शिरांसारखे लाल उठून दिसतात. फक्त नकाशाचं साल तपासा. पटनी हाय स्ट्रीटचं उदाहरण घ्या. तासाची २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा वर्षात १८ पेक्षा जास्त वेळा ओलांडायची नाही असा कायदा आहे, आणि २०१६ मध्ये पटनीनं तो कोटा ८ जानेवारीच्या आत संपवला होता. मार्च २०१७ मध्ये त्याच रस्त्यावर कमी धुराच्या बसेसचा पहिला खास पट्टा सुरू झाला आणि आकडे उतरले. मग एप्रिल २०१९ मध्ये मध्य लंडनमध्ये युलेझ, ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्थ आणि साउथ सर्क्युलरपर्यंत, ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या बरोंमध्ये. दहा वर्षांपूर्वीचा नकाशा बघून आज एखादा रस्ता नाकारणं म्हणजे त्या रस्त्यावर अन्याय.

मोबाइलवरच्या ॲपचं काय? ते आज धावायला जावं का हे ठरवायला ठीक. घर निवडायला नाही. एक तर ते बहुधा कुठल्या तरी लांबच्या केंद्राचा आकडा दाखवतं. शिवाय रंगांचा घोळ आहे. समजा हवेत पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी २५ आहे. ब्रिटनच्या निर्देशांकात हे "लो", म्हणजे हिरवं. भारताच्या निर्देशांकात "गुड". अमेरिकेच्या २०२४ मध्ये सुधारलेल्या निर्देशांकात "मॉडरेट", म्हणजे पिवळं. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची पातळी आहे १५, म्हणजे तिच्या लेखी ही हवा वाईटच. हवा एकच, चष्मे चार. पुण्यातल्या बहिणीचा आणि आपला आकडा फोनवर ताडून बघताना ॲप कुठल्या देशाचं माप लावतं आहे ते आधी विचारा.

घर प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हाची वेळही महत्त्वाची. एजंट तुम्हाला शनिवारी दुपारी बोलावतो, रस्ता शांत असतो. एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या रस्त्यावर दहा मिनिटं उभे राहा. वास येतो का हे बघण्यासाठी नव्हे, कारण रस्त्यावरच्या प्रमाणात नायट्रोजन डायऑक्साइडचा वास येत नाही. बघायचं ते हे : खिडकीखाली बसथांबा किंवा सिग्नल आहे का, रस्ता चढाचा आहे का (चढावर इंजिनं जास्त ओकतात), शेजारच्या शाळेपाशी पालक इंजिन चालू ठेवून थांबतात का, आणि तळमजल्यावरच्या चिकन शॉपचा धुराडा तुमच्या खिडकीशेजारून वर जातो का. हिवाळ्यात घर बघत असाल तर रात्री आठलाही एक चक्कर मारा. तेव्हा मात्र नाक कामाला येतं. लाकडाच्या शेगोट्या ही सध्या इथली हौस झाली आहे, आणि शेजारच्या चिमणीतून येणारा खमंग वास म्हणजे शुद्ध पीएम २.५. डिसेंबर १९५२ च्या महाधुक्यानंतर १९५६ चा कायदा आला आणि लंडनच्या कोळशाच्या चुली विझल्या. त्यांच्या जागी आता मासिकांतले सुंदर स्टोव्ह आले आहेत. शांत, झाडांनी भरलेली, महागडी गल्ली या बाबतीत हाय रोडपेक्षा वाईट निघू शकते.

आता आपल्याकडे वळू, कारण बाहेरची हवा इतकी पारखून घेतल्यावर घरातली आपणच बिघडवतो. गॅसच्या शेगडीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, रसायन तेच. वर आपली फोडणी : कडकडीत तेल, मोहरी, लाल मिरच्या. सगळं घर ठसकतं तेव्हा हवेत कणांचा अक्षरशः ढग असतो. इथल्या अनेक फ्लॅटमध्ये शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून ती परत खोलीतच सोडतो. तेल थोडं अडकतं, वायू अडकत नाही. म्हणून घर बघताना तो पंखा चालू करा, त्याच्यावर हात धरून वारा परत तोंडावर येतो का बघा, आणि बाहेरच्या भिंतीला त्याची जाळी आहे का हेही बघा. बाहेर जाणारा पंखा किंवा इंडक्शनची शेगडी असलेलं स्वयंपाकघर, मग ते जुनाट दिसलं तरी, मी चकचकीत पण कोंडलेल्या स्वयंपाकघराआधी घेईन.

खिडक्या कायम बंद ठेवणं हा उपाय नाही. लंडनच्या हिवाळ्यात आत कपडे वाळत घातलेले असतात, भात शिजत असतो, आणि महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते. दम्याच्या मुलाला तीही तितकीच त्रासदायक. रहदारी नसताना, भर दुपारी किंवा रात्री उशिरा, मागच्या खिडक्या उघडा. नव्या इमारतींत हवा खेळती ठेवणारी यंत्रणा असते. ती बाहेरची हवा कुठल्या बाजूनं आत घेते आणि तिचा फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे एजंटला विचारा. बहुधा त्याला सांगता येणार नाही. ऊर्जा-कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र दाखवणं त्याला बंधनकारक आहे, हवेबद्दल काहीच नाही.

"आम्ही मुंबई-पुण्याच्या हवेत वाढलो, आम्हाला काय होतंय" हेही ऐकायला येतं. त्या हवेपुढे लंडनची हवा स्वच्छ आहे हे खरंच. पण सवयीनं फुप्फुसं पोलादी होत नाहीत, आणि पीएम २.५ च्या बाबतीत अमुक पातळीखाली अजिबात धोका नाही अशी रेषा संशोधनात सापडलेली नाही. तरी प्रत्येकानं सारखीच किंमत मोजावी असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोघं धडधाकट, करार एका वर्षाचा, ऑफिस जवळ : हाय रोडवरचा फ्लॅट घ्या, मागच्या खोलीत झोपा. घरात दम्याचं मूल असेल, बाळ येऊ घातलं असेल, किंवा हृदयाचं दुखणं असलेले आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील, तर एक गल्ली आत जाण्यासाठी स्टेशनपर्यंत आठ-दहा मिनिटं जास्त चालायला मी तयार होईन आणि गरज पडली तर एक खोली कमी घेईन. शाळेचा रस्ताही त्याच नकाशावर तपासा. मुख्य रस्त्याला समांतर जाणारी मागची वाट बहुतेक ठिकाणी असते, आणि ती दोन-चार मिनिटांनीच लांब पडते.